पहिला गेमिंग कॉम्प्युटर स्वतः जोडताना: यादी खालून वर वाचा

उन्हाळ्याच्या सुट्टीत भाचा इंदूरच्या सुदामानगरहून सायकलवर आला, तो खिशात वहीचं एक पान घेऊन. ६०,००० रुपयांत गेमिंग कॉम्प्युटर जोडायचा, असं ठरवून त्याने यादी केली होती. पहिल्या ओळीवर प्रोसेसर, त्याखाली मदरबोर्ड (सगळे भाग जोडायचा मुख्य बोर्ड), मग रंगीत दिव्यांचं कॅबिनेट, आणि अगदी तळाला मॉनिटर. मॉनिटरपुढे लिहिलं होतं, ‘पैसे उरले तर’.

पहिल्यांदा कॉम्प्युटर जोडणारी बरीच मुलं याच क्रमाने जातात. बरेच पैसे वरच्या तीन ओळींतच संपतात, आणि ज्याच्यावर खेळ दिसायचा आणि ज्याच्या जोरावर तो चालायचा, त्या दोन्ही गोष्टी तडजोडीच्या येतात. म्हणून ती यादी खालून वर वाचायची. आधी गेम, मग स्क्रीन, मग ग्राफिक्स कार्ड (पडद्यावरचं चित्र बनवणारा भाग), आणि बाकी सगळं त्या कार्डाला साजेसं.

पहिलं पाऊल: काय खेळणार, कशावर बघणार

दुकानात जायच्या आधी कागदावर तीन गेमची नावं लिहा. पुढेमागे खेळू असे नको, रोज खेळणार असे. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ सारख्या खेळांत चित्र फार भारी नसतं, पण सेकंदाला भरपूर फ्रेम (एकामागून एक दिसणारी चित्रं) लागतात आणि भार बराचसा प्रोसेसरवर येतो. सायबरपंक २०७७ सारख्या खेळात उलट, सगळा घाम ग्राफिक्स कार्डाला फुटतो. भाच्याच्या तीन नावांपैकी दोन पहिल्या जातीची होती. हे कळल्यावरच पुढचं बोलणं सुरू झालं.

आता स्क्रीन. १०८०पी म्हणजे १९२० गुणिले १०८०, साधारण २०.७ लाख ठिपके. १४४०पी म्हणजे ३६.९ लाख आणि ४के म्हणजे जवळपास ८३ लाख. कार्डाला प्रत्येक फ्रेममध्ये एवढे ठिपके रंगवायचे असतात. ४के मॉनिटर घेतला तर त्याच कार्डावर १०८०पीच्या चौपट काम पडतं. कमी बजेटमध्ये २४ इंची १०८०पी हेच ठीक.

हर्ट्झचा आकडा मात्र जरूर बघा. ६० हर्ट्झचा पडदा दर १६.७ मिलिसेकंदांनी चित्र बदलतो, १४४ हर्ट्झचा ६.९ मिलिसेकंदांनी. नेमबाजीच्या खेळात कोपऱ्यावरून कोणी डोकावलं, तर हा फरक हाताला जाणवतो. आयपीएस पॅनेलचा (बाजूने बघितलं तरी रंग नीट दिसतात तो), १०० ते १४४ हर्ट्झचा मॉनिटर घ्या आणि त्याचे पैसे सगळ्यात आधी बाजूला काढून ठेवा.

दुसरं पाऊल: ग्राफिक्स कार्ड

मॉनिटरचे पैसे वेगळे काढल्यावर उरलेल्या दर १०० रुपयांतले ३५ ते ४० कार्डाला द्या. भाव दर आठवड्याला हलतात, म्हणून मी रक्कम सांगत नाही. हे प्रमाण धरून चाला.

कार्डावरची मेमरी ८ जीबीपेक्षा कमी नको. ४ जीबीचं कार्ड आज स्वस्त वाटतं, पण नव्या खेळांत ती मेमरी भरली की चित्र अडखळायला लागतं. रेडिऑन आरएक्स ६६०० हे माझ्या मते १०८०पीसाठी फार शहाणं कार्ड आहे: ८ जीबी, १३२ वॅट, विजेची आठ पिनांची एकच जोडणी. आरएक्स ६५०० एक्सटी हे नाव जवळचं वाटतं, पण त्याच्या नेहमीच्या मॉडेलमध्ये मेमरी ४ जीबी आणि मदरबोर्डशी बोलायला फक्त चार लेन (डेटाच्या वाटा); जुन्या बोर्डावर ते आणखी मागे पडतं. आरटीएक्स ३०५० घेताना डब्यावरचा आकडा वाचाच. याच नावाखाली ८ जीबीचं आणि ६ जीबीचं अशी दोन कार्डं आहेत, आणि ६ जीबीवाल्यात मेमरीबरोबर कोअरही (प्रत्यक्ष काम करणारे भाग) कमी आहेत. नाव एकच असल्याने काउंटरवर कोणी आपणहून हे सांगत नाही. हात थोडा मोकळा असेल तर इंटेलचं आर्क बी५८० बघा. त्यात १२ जीबी मेमरी आहे, पण त्याला बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) रिसाइझेबल बार, म्हणजे प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय, चालू लागते आणि जुन्या प्रोसेसरबरोबर ते आपली पूर्ण ताकद दाखवत नाही.

जुनं कार्ड घ्यावं का? घ्यावं, पण चालवून बघूनच. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग, म्हणजे ग्राफिक्स कार्डं चालवून ते कमावणं, बंद झालं आणि वर्षानुवर्षं रात्रंदिवस तापलेली कार्डं बाजारात आली. त्यातली काही अजून फिरताहेत. विकणाऱ्याच्या घरी जा आणि कार्ड त्याच्याच मशीनमध्ये लावलेलं बघा. जीपीयू-झेड नावाचं छोटं मोफत सॉफ्टवेअर उघडून कार्डाचं खरं नाव आणि मेमरी तपासा, कारण जुन्या कार्डाला नव्या कार्डाचं नाव चिकटवूनही विकतात. मग अर्धा तास एखादा जड खेळ चालवा. पडद्यावर रंगीत ठिपके किंवा पट्टे दिसले, तापमान ८५ अंशांच्या वर जाऊन बसलं किंवा पंखा घरघरला, तर नमस्कार करून घरी या. मूळ बिल असेल आणि वॉरंटी शिल्लक असेल, तरच किमतीबद्दल बोला.

तिसरं पाऊल: प्रोसेसर, मदरबोर्ड आणि रॅम एकत्रच

हे तिघं एकमेकांना बांधलेले आहेत. एक आधी घेतला आणि दुसरा नंतर बघू, असं करता येत नाही.

एएमडीच्या रायझन ५ ५६०० ला सहा कोअर आहेत, तो एएम४ सॉकेटवर (बोर्डावरच्या प्रोसेसरच्या जागेवर) बसतो आणि डीडीआर४ पिढीची रॅम मागतो. डब्यात त्याला थंड ठेवणारा कूलर मिळतो, वेगळा घ्यायची गरज नाही. त्याला बी५५० बोर्ड चांगला. बी४५० सुद्धा चालतो, पण बायोस जुना असेल तर हा प्रोसेसर ओळखलाच जात नाही. म्हणून दुकानातच विचारा, ‘बायोस अपडेट करून देणार का?’ इंटेलकडे आय३-१२१००एफ चार कोअरचा, तर आय५-१२४००एफ सहा कोअरचा. आय३ बरोबर साधा एच६१० बोर्ड पुरतो.

नावाच्या शेवटचं ‘एफ’ नीट बघा. एफ असलेल्या प्रोसेसरच्या पोटात ग्राफिक्स नसतं, कार्ड लावल्याशिवाय पडदा काळाच राहतो. रायझन ५ ५६०० चंही तसंच. कार्डाचे पैसे दिवाळीला येणार असतील, तर आत्ता पोटात ग्राफिक्स असलेला प्रोसेसर घ्या, म्हणजे रायझन ५ ५६००जी किंवा एफ नसलेला आय३-१२१००. ५६००जी वर हलके खेळ त्याच्याच ग्राफिक्सवर बऱ्यापैकी चालतात. मात्र त्याची कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट) मेमरी ५६०० च्या निम्मी, १६ एमबी आहे. कार्ड आत्ताच घेणार असाल तर ‘जी’ नको.

एएम५ सॉकेट नवा आहे, पुढे प्रोसेसर बदलायला वाव देतो, पण त्याला डीडीआर५ रॅमच लागते. २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत रॅमचे भाव भडकले, कारण मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांचा माल एआयच्या डेटा सेंटरांकडे वळला. बजेट ताणलेलं असेल तर एएम४ वर थांबण्यात कमीपणा नाही. घरात किंवा मित्राकडे जुनी चांगली डीडीआर४ पडून असेल तर आधी तीच मागा.

रॅम १६ जीबी, आणि शक्यतो ८-८ च्या दोन पट्ट्या. एकच १६ ची लावली तर प्रोसेसर एकाच वाटेने मेमरीशी बोलतो. पोटातलं ग्राफिक्स वापरणार असाल तर हा फरक डोळ्यांना दिसतो. बोर्डाला चार खाचा असतील तर प्रोसेसरच्या बाजूने दुसरी आणि चौथी वापरा. एसएसडी (साठवणीची वेगवान डिस्क) एनव्हीएमई जातीची, ५०० जीबी किंवा जमलं तर १ टीबी. फिरणारी हार्ड डिस्क खेळांसाठी नको.

चौथं पाऊल: एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज देणारा डबा), जिथे काटकसर करायची नाही

इथे मी थांबून सांगणार आहे, कारण ही चूक मी स्वतः केली आहे.

२०१७ साली मी माझा कॉम्प्युटर जोडला. कार्ड जीटीएक्स १०६०, आणि शहरातल्या एका दुकानात कॅबिनेटबरोबर एसएमपीएस ‘फ्री’ मिळाला, त्यावर ठळक ५०० वॅट छापलेलं. ‘भिया, सब चल जाएगा,’ असं सांगितलं गेलं आणि मी ते मानलं. साधं काम व्यवस्थित व्हायचं. खेळ सुरू करून दहा-पंधरा मिनिटं झाली की मशीन खटकन बंद व्हायची. मी कार्डावर संशय घेतला. ते दोनदा सर्व्हिसला गेलं आणि दोन्ही वेळा ‘काही दोष नाही’ म्हणून परत आलं. दोन महिने असेच गेले.

शेवटी एका रविवारी कॅबिनेट आडवं करून टॉर्चच्या उजेडात एसएमपीएसच्या बाजूचं लेबल वाचलं. त्यावर एक तक्ता असतो. ३.३ व्होल्ट, ५ व्होल्ट, १२ व्होल्ट, आणि प्रत्येकाखाली अँपिअर. माझ्या लेबलवर १२ व्होल्टच्या खाली १४ अँपिअर होते. १२ गुणिले १४, म्हणजे १६८ वॅट. कार्ड १२० वॅटचं आणि प्रोसेसर ६५ वॅटचा, दोघंही १२ व्होल्टवरच चालतात, आणि त्यांची बेरीज १८५ होते. वरच्या ५०० चा कार्डाला काही उपयोग नव्हता. कार्डाची जोडणीसुद्धा एका पातळ अ‍ॅडॉप्टरने केलेली होती आणि तिचं प्लास्टिक पिवळं पडलं होतं. नशीब, तिथेच थांबलं.

तेव्हा डब्यावरचे वॅट वाचू नका, लेबलवरचा १२ व्होल्टचा रकाना वाचा. चांगल्या ५५० वॅटच्या एसएमपीएसमध्ये तिथे ४५ अँपिअरच्या आसपास आकडा असतो, म्हणजे ५४० वॅट. आरएक्स ६६०० आणि रायझन ५ ५६०० मिळून साधारण २०० वॅट, बाकीचे सुटे भाग आणखी ५०. ५५० वॅटमध्ये हे सगळं आरामात बसतं आणि पुढे मोठं कार्ड लावायलाही जागा राहते. ८० प्लस ब्राँझचं (वीज कमी वाया घालवण्याचं) चिन्ह, कार्डासाठी स्वतःची आठ पिनांची वायर आणि पाच वर्षांची वॉरंटी, एवढं बघा. कॅबिनेटबरोबर फुकट मिळणारा एसएमपीएस काढून ठेवा.

याच्याच जोडीला घरातलं अर्थिंग. राजवाड्याच्या आसपासच्या जुन्या घरांत प्लगला तिसरं भोक असतं, पण त्यामागे वायर असेलच असं नाही. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर हलकी झिणझिणी आली तर अर्थिंग नाही असं समजा आणि खेळण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलवा. पावसाळ्यात वीज डोळे मिचकावते म्हणून यूपीएस घेणार असाल, तर ६०० व्हीएचा साधारण ३६० वॅटचाच असतो. तो खेळ सेव्ह करून बंद करण्यापुरता आहे.

कॅबिनेटबद्दल एवढंच: पुढची बाजू जाळीची हवी, काचेची नको. इंदूरला मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो आणि गच्चीखालच्या खोलीत रात्रीही गारवा येत नाही. पुढून दोन पंखे हवा आत घेणारे, मागे एक बाहेर टाकणारा. मदरबोर्डचा आकार आणि कार्डाची लांबी आत मावते ना, हे डब्यावरून ताडून बघा.

पाचवं पाऊल: खरेदी

आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये कॉम्प्युटरची दुकानं एकाला एक लागून आहेत. पहिल्या दिवशी काही घेऊ नका. यादी घेऊन चार ठिकाणी फिरा, प्रत्येक वस्तूचा भाव वेगळा लिहून घ्या आणि घरी येऊन ऑनलाइन भावाशी जुळवा. सगळं मिळून अमुक, असा गठ्ठ्याचा भाव कोणी दिला, तर त्याची फोड मागा. गठ्ठ्यात नेहमी एसएमपीएस आणि एसएसडीच हलकी निघते.

जीएसटीचं पक्कं बिल घ्या आणि त्यावर कार्ड, बोर्ड, प्रोसेसर यांचे सीरियल नंबर लिहून घ्या. बिलाशिवाय थोडे पैसे वाचतात, पण दोन वर्षांनी कार्ड बिघडलं की सर्व्हिस सेंटर पहिल्यांदा तोच कागद मागतं. वॉरंटी भारतातली आहे ना आणि माल कुठे जमा करायचा, हे घेतानाच विचारा. सगळे डबे वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर ठेवा.

जोडून झाल्यावर

आम्ही ते जेवणाच्या टेबलावर जोडलं. आजी दारात येऊन म्हणाली, ‘काय करून राहिलात रे एवढ्या रात्री?’ भाचा उत्तर देण्याच्या मनःस्थितीत नव्हता. प्रोसेसरचा सोनेरी त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणावर आणून त्याने तो अलगद सोडला. तिथे जोर लावायचा नसतो, तो स्वतःच्या वजनाने बसतो. रॅमला मात्र जोर लागतो आणि दोन्ही बाजूंनी ‘टक’ ऐकू यायला हवं.

चालू झाल्यावर तीन गोष्टी तपासा. मॉनिटरची वायर ग्राफिक्स कार्डात आहे ना, बोर्डाच्या खाचेत नाही ना? बायोसमध्ये एक्सएमपी (रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारं सेटिंग) चालू केलं का? नाहीतर ३२०० ची रॅम २१३३ किंवा २६६६ वरच धावते. आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन हर्ट्झचा आकडा बघा. तो अनेकदा आपोआप ६० वर बसलेला असतो. भाच्याच्या पडद्यावरही तो ६० च होता. १४४ निवडल्यावर त्याने माऊस नुसता इकडून तिकडे फिरवला आणि म्हणाला, ‘मामा, बाण सरकतोय बघ कसा.’