ट्यूब गेली म्हणायच्या आधी हे बघा: जुन्या डब्बा टीव्हीचे बिघाड

आमच्या बेळगाव, खानापूर, निपाणी भागात अजून बऱ्याच घरात डब्बा टीव्ही आहे, सेटटॉप बॉक्सच्या पिवळ्या-पांढऱ्या-लाल वायरी लावून चालतोय मस्त, म्हाताऱ्या माणसांना तोच बरा वाटतो. अडचण येते ती बिघडल्यावर. बरेच मेकॅनिक आता एलईडीच्या मागे लागलेत, डब्बा घेऊन गेलं की मागचं झाकण न उघडताच उत्तर येतं, "ट्यूब गेलीय ओ, भंगारात घाला." मंडळी, ट्यूब, म्हणजे चित्र दाखवणारी काचेची पिक्चर ट्यूब, सगळ्यात शेवटी जाते. त्याआधी सुटलेला सोल्डरचा टाका, वाळलेला कंडेन्सर नाहीतर पावसाळ्याची ओल, यातलंच काहीतरी असतं शंभरातल्या बहुतेक सेटमध्ये, आणि कुठला भाग गेलाय ते स्क्रीनच सांगतो, फक्त नीट बघायला पाहिजे.

पण आधी जिवाचं. ट्यूबच्या पाठीवर रबराची टोपी असते आणि तिच्यातून जाड लाल वायर आत जाते, तिथं कलर सेटमध्ये २० ते २५ हजार व्होल्ट असतात, आणि प्लग काढला तरी ट्यूब स्वतःच चार्ज धरून बसते. म्हणून प्लग काढायचा, लांब प्लास्टिक मुठीचा स्क्रू ड्रायव्हर घ्यायचा, त्याच्या पात्याला एक वायर बांधून तिचं दुसरं टोक ट्यूबच्या पाठीवर ताणलेल्या उघड्या जाळीच्या वायरला आधी जोडायचं, मगच टोक रबराखाली सरकवायचं. टिक आवाज येतो. पाच-दहा मिनिटांनी परत एकदा करायचं कारण थोडा चार्ज परत येतो. एक हात खिशात ठेवायचा ही जुन्या लोकांची सवय उगाच नाही, दोन हातातून करंट गेला तर तो छातीतून जातो. आणि ट्यूबची मान काचेची आणि नाजूक असते, तिला धरून काही उचलायचं नाही.

दुसरी जागा म्हणजे मेन फिल्टर कंडेन्सर, तो जाडा डबडा, १५० किंवा २२० मायक्रोफॅरड ४०० व्होल्टचा. यात ३२० व्होल्टच्या आसपास डीसी असतं. गंमत अशी की चालू सेट बंद केला तर हा लगेच रिकामा होतो, पण सेट डेड असेल, म्हणजे सप्लाय चालूच होत नसेल, तर तो भरलेलाच राहतो, आणि आपण हात घालतो ते नेमकं डेड सेटमध्येच. होल्डरला साधा बल्ब लावून त्याच्या दोन वायरी कंडेन्सरच्या दोन पायांना टेकवा, मग मीटरने बघा, मगच पुढं. एवढं वाचून भीती वाटली तर बरंच आहे, मीटर वापरता येत नसेल तर पाटीला (सगळे भाग बसवलेल्या सर्किट बोर्डला) हात लावू नका, पण लक्षणं ओळखून घ्या, निदान मेकॅनिकसमोर बोलता येईल.

अजून एक, सिरीज बोर्ड करून घ्या. १०० वॅटचा पिवळा बल्ब टीव्हीच्या लाईनमध्ये सिरीज लावायचा. चालू केल्यावर बल्ब एकदा जोरात पेटून मंद झाला तर शॉर्ट नाही, फुल्ल पेटूनच राहिला तर आत शॉर्ट आहे आणि तुमचा नवा फ्यूज वाचला. पहिले काही सेकंद डीगॉसची (स्क्रीनवरचे रंगाचे डाग घालवणारी) कॉइल पण करंट ओढते, त्यामुळे तिचा प्लग काढून टेस्ट केली तर जास्त स्वच्छ कळतं.

आता सेट पूर्ण डेड असेल तर फ्यूज बघा. काच काळी झाली असेल तर मोठा शॉर्ट, मग पोझिस्टर (डीगॉस कॉइलचा करंट सांभाळणारा भाग), चार डायोड आणि सप्लायचा मेन ट्रान्झिस्टर किंवा आयसी या क्रमाने बघायचं. पोझिस्टर काढून कानाजवळ हलवा, आत खुळखुळ वाजला तर तो फुटलाय, आणि नवा मिळेपर्यंत त्याच्याशिवाय पण सेट चालतो, फक्त रंगाचे डाग आपोआप जात नाहीत. फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळायची आपल्याकडची सवय मात्र बंद करा की राव, फ्यूज वाचतो आणि पाटी जळते. फ्यूज ठीक आहे, मेन कंडेन्सरवर ३०० च्या वर व्होल्ट पण आहेत, तरी डेड, तर सप्लायचा स्टार्ट-अप रेझिस्टर ओपन झालेला असतो किंवा त्याच्या बाजूचा छोटा कंडेन्सर, बहुतेक ४७ मायक्रोफॅरड ५० व्होल्टचा, वाळलेला असतो. सकाळी थंड असताना चालू होत नाही, चार-पाच वेळा बटण दाबल्यावर होतो, हे लक्षण त्याचंच, काही रुपयांचं काम.

टिक टिक आवाज येतोय आणि चालू होईना झालाय तर बहुतेक लाईन आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट असतो, हीट सिंकवर ईएचटीच्या (हाय व्होल्टेज बनवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या) जवळ बसलेला, डी १५५५ किंवा बीयू २५०८ असला काहीतरी नंबर. कलेक्टर-एमिटर दोन्ही बाजूंनी शून्य दाखवलं तर गेला. बेस-एमिटरमध्ये चाळीस-पन्नास ओहम दाखवतो त्याला शॉर्ट समजू नका, आतच रेझिस्टर असतो तो. इथं बरेच जण चुकतात, ट्रान्झिस्टर बदलतात, दहा मिनिटं चालतो, परत जातो, मग म्हणतात डुप्लिकेट माल आहे. माल डुप्लिकेट असतो पण प्रत्येक वेळी नाही. ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर १६०० किंवा २००० व्होल्टचा कंडेन्सर असतो, तो उतरला किंवा त्याचा टाका सुटला की व्होल्टेज वर जातं आणि नवा ट्रान्झिस्टर उडतो. ड्रायव्हर ट्रान्सफॉर्मरचे टाके पण त्याच वेळी परत मारून घ्या. आणि नवा बसवायच्या आधी त्याची जागा रिकामी ठेवून बी प्लसच्या (या ट्रान्झिस्टरकडं जाणाऱ्या मेन सप्लायच्या) फिल्टर कंडेन्सरवर ६० वॅटचा बल्ब लावून व्होल्ट मोजा, २०-२१ इंची सेटला साधारण ११० ते ११५ पाहिजेत. १४० दाखवायलाय तर आधी सप्लाय दुरुस्त करा, नाहीतर ट्रान्झिस्टर विकणाऱ्याचंच भलं.

स्क्रीनवर मधोमध एकच आडवी पांढरी रेघ, आवाज ठीक, हा सगळ्यात सोपा बिघाड आणि याच्यावरच लोक घाबरून सेट टाकून देतात. ट्यूब एकदम चांगली आहे याचा तो पुरावा आहे! व्हर्टिकल, म्हणजे चित्र वर-खाली पसरवणारा भाग, बंद पडलाय एवढंच. आधी ब्राइटनेस कमी करा, नाहीतर त्या रेघेचा डाग कायमचा पडतो. मग हीट सिंकवरचा व्हर्टिकल आयसी शोधा, एलए ७८४० किंवा एसटीव्ही ९३०२ असं काहीतरी, पाटी उलटी करून भिंगातून त्याचे पाय बघा, टाक्याभोवती गोल बारीक चीर दिसेल. आयसी तापतो, गार होतो, वर्षानुवर्षं हेच चालतं, टाका सुटतोच. जुनं सोल्डर काढून नवीन मारा. रेघ गेली नाही तर आयसीच्या सप्लायचा छोटा रेझिस्टर, योकचा (ट्यूबच्या मानेवर बसवलेल्या तांब्याच्या कॉइलचा) प्लग, मग आयसी. चित्र वरच्या बाजूला दुमडतंय आणि पांढऱ्या रेघा दिसतायत तर आयसीजवळचा १०० मायक्रोफॅरड ३५ व्होल्टचा कंडेन्सर बदला.

उभी रेघ आली तर योकच्या आडव्या कॉइलची लाईन तुटलेली असते, तिथला टाका किंवा प्लग जळालेला दिसेलच.

आता आपल्या भागाचा खास बिघाड. खानापूर, जांबोटी, कणकुंबी तिकडं जून ते सप्टेंबर घरात भिंतीला पण बुरशी येते, टीव्ही काय सुटणार. सकाळी चालू केला की चित्र पूर्ण धुरकट, अक्षरं वाचता येईनात, दहा-पंधरा मिनिटांनी हळूहळू स्वच्छ होतं. "ट्यूब म्हातारी झाली" असं इथंच सांगतात आणि ते चूक आहे. ट्यूबच्या मानेवर जी छोटी पाटी असते तिच्या सॉकेटमध्ये फोकसच्या पिनेजवळ ओल आणि गंज बसलेला असतो, फोकसचं व्होल्टेज तिथून गळतं, सेट गरम झाला की ओल वाळते आणि चित्र सुधारतं. सॉकेट बदला, बस. पिना सारख्याच असलेला घ्यायचा, जुना सोबत घेऊन जा, बेळगावात नाही मिळाला तर कोल्हापूर-हुबळीकडं विचारा. खरंच म्हातारी ट्यूब वेगळी दिसते. तिचं चित्र अंधारं असतं, हळूहळू उजेड येतो, आणि ब्राइटनेस वाढवला की माणसांचे चेहरे चांदी फासल्यागत चकाकतात.

चर्र चर्र आवाज आणि उग्र वास ही पण पावसाळ्यातलीच तक्रार. लाल वायरच्या टोपीखाली धूळ आणि ओल बसते आणि हाय व्होल्टेज लीक होतं. डिस्चार्ज करून टोपी काढा, काच आणि रबर स्पिरिटने पुसा, पूर्ण वाळू द्या, मगच लावा. आंबूस वासाचं सिलिकॉन फासू नका, ते धातू खातं. उघडलंच आहे तर ब्रशने धूळ पण झाडा, झुरळांची घाण पाटीवर वाळलेली असते आणि कधी चिकटून मेलेली पाल पण निघते, तीच शॉर्टचं कारण.

आवाज येतोय पण चित्र काळं, तर खोलीतला लाईट बंद करून मागून मानेत बघा. केशरी उजेड नाही तर हीटरला (मानेतल्या तापणाऱ्या तारेला) सप्लाय नाही, परत तेच सॉकेटचे टाके आणि वाटेतला एक छोटा रेझिस्टर. हा ६.३ व्होल्टचा सप्लाय ईएचटीतून येतो, साधं मीटर त्याचं नीट रीडिंग देत नाही, त्याच्यावर विसंबू नका. उजेड आहे पण स्क्रीन पांढरा फटक आणि तिरप्या बारीक रेघा, तर व्हिडिओ आउटपुटच्या १८० व्होल्ट लाईनवरचा १० मायक्रोफॅरड २५० व्होल्टचा कंडेन्सर आधी बदला. एकच रंग गायब असेल तर मानेवरच्या पाटीवरचे तीन ट्रान्झिस्टर आणि त्यांचे टाके.

कोपऱ्यात हिरवे-जांभळे डाग म्हणजे लोहचुंबक. शेजारी मोठा स्पीकर ठेवलाय का बघा, तो हलवा. मग सेट मेन स्विचने बंद करून अर्धा तास थांबा आणि चालू करा, रिमोटने बंद केलेल्याचा उपयोग बऱ्याच सेटमध्ये होत नाही, पोझिस्टर गार व्हायला पाहिजे. दोन-चार वेळा करावं लागतं.

मुंग्या येतायत तर आधी टीव्ही एव्हीवर (सेटटॉप बॉक्सच्या त्या तीन वायरींवर) आहे का ते बघा, निम्म्या तक्रारी तिथंच मिटतात. एव्हीवर कलर येईना तर मेनूत सिस्टीम पाल (PAL) किंवा ऑटोवर करा. रिमोट चालेना तर मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा, जांभळा उजेड दिसला तर रिमोट चांगला. लाईट गेली की चॅनल विसरतो, तर २४सी०८ किंवा तसला आठ पायांचा मेमरी आयसी. आणि वळवाच्या पावसात वीज कडाडायला लागली की प्लग आणि केबलची वायर दोन्ही काढा, केबलमधून येणारा झटका फ्यूज बघत नाही.

खरंच ट्यूब गेलेली ओळखायची तर मानेच्या आतल्या बाजूला आरशासारखा चकाकणारा डाग असतो, तो दुधासारखा पांढरा झाला म्हणजे आत हवा शिरली, आता काही उपाय नाही. असा सेट देताना पाटी, ईएचटी, योक काढून ठेवा, कुणाच्यातरी कामाला येतं. पण योकच्या तांब्यासाठी ट्यूब फोडू नका, मागच्या काचेत शिसं असतं आणि आत हवा नसल्यामुळं फुटली की तुकडे लांबपर्यंत उडतात.