शाळेची ऑनलाइन तक्रारपेटी: फॉर्म कसा बनवायचा आणि नोंद आल्यावर काय करायचं

वर्गात अचानक गप्प झालेली मुलगी, मनगटावर ब्लेडच्या खुणा, एसटी स्टँडवर रोजचा पाठलाग, फोटो पसरवण्याची धमकी. हे शिक्षकांच्या आधी वर्गातल्या पोरांना कळतं. भिंतीवरची तक्रारपेटी मात्र बऱ्याचदा ऑफिसच्या दारातच टांगलेली असते, आणि चिठ्ठी टाकणारा सगळ्यांना दिसतो. गूगल फॉर्मने ही अडचण बिनखर्चात सुटते.

फॉर्म कुणा शिक्षकाच्या खासगी जीमेलवर बनवू नका. जिल्हा परिषदेच्या शाळेत बदली झाली की पासवर्डही गुरुजींबरोबर जावळीहून पाटणला जातो. शाळेच्या नावाचं वेगळं खातं काढा.

सेटिंग्जमधल्या ‘रिस्पॉन्सेस’मध्ये ईमेल गोळा करण्याच्या पर्यायापुढे ‘डू नॉट कलेक्ट’ निवडा आणि ‘लिमिट टू वन रिस्पॉन्स’ बंद ठेवा. ते चालू असेल तर फॉर्म लॉगिन मागतो. फोटो अपलोडचा प्रश्न घातला तरी लॉगिन मागितलं जातं, म्हणून तो नको. शेवटी लिंक इनकॉग्निटोमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या खासगी विंडोत, उघडून बघा. लॉगिन न करता फॉर्म भरता आला, तरच तो निनावी.

प्रश्न चारच: काय पाहिलं किंवा ऐकलं, कुठे आणि कधी, काळजी कुणाची वाटते, आणि आत्ता धोका आहे का. नाव आणि संपर्क ऐच्छिक ठेवा. ‘दोषी कोण’ हा प्रश्न घालू नका, त्यातून खुन्नस काढायला सुरुवात होते. फॉर्मच्या माथ्यावर ठळक लिहा: तातडीची मदत ११२, चाइल्डलाइन १०९८, मानसिक आधारासाठी टेली-मानस १४४१६.

एक खाच सहज लक्षात येत नाही. प्रत्येक उत्तरासोबत वेळ नोंदली जाते. आठवीच्या संगणक तासाला, ११:२०ला आलेली नोंद कुणाची, हे पंचवीस पोरांच्या वर्गात ओळखायला कितीसा वेळ लागतो? म्हणून फॉर्म वर्गात भरून घेऊ नका. क्यूआर कोड ओळखपत्राच्या मागे छापा. मूल घरून, पालकांच्या मोबाइलवरून भरेल. जत-आटपाडीच्या वाड्यावस्त्यांवर प्रत्येक घरी स्मार्टफोन असेलच असं नाही, कोयनेच्या खोऱ्यात रेंजचा भरवसा नाही. तिथे कागदी पेटी राहू द्या, फक्त ऑफिससमोरून हलवा.

नोंदी दोघांनीच बघाव्यात, त्यातली एक महिला. दोघांपैकी एकजण सखी सावित्री समितीतला (शाळेतल्या मुलांच्या सुरक्षिततेसाठीची समिती), पण शाळेच्या नोकरीत नसलेला असावा, कारण तक्रार शाळेतल्याच कुणाबद्दलही असू शकते. ‘रिस्पॉन्सेस’ टॅबवरच्या तीन टिंबांतून ईमेल सूचना दोघांनीही आपापल्या खात्यातून चालू कराव्यात. स्क्रीनशॉट स्टाफच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला की गुप्तता संपली.

जिवाला धोका दिसला तर त्याच तासाला मुलाजवळ माणूस हवा, आणि पालकांना फोन. धोका घरातूनच असेल तर पालकांऐवजी १०९८. चिडवणं, मारामारी, नशापाणी असेल तर दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या आत वर्गशिक्षकांनी त्या मुलाशी एकट्याला घेऊन बोलावं. ज्याच्यावर आरोप आहे आणि ज्याला त्रास झाला, त्यांना समोरासमोर उभं करू नका. खोडसाळ नोंदीही येतील. ‘पाहिलं’ आणि ‘ऐकलं’ वेगळं लिहून ठेवलं तर त्या लवकर उघड्या पडतात.

लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तिथे शाळेची चौकशी समिती बसवायची नसते. पॉक्सो कायदा, २०१२च्या कलम १९नुसार पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१खाली सहा महिन्यांपर्यंत शिक्षा होऊ शकते, संस्थाप्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत. ‘आधी खात्री करून घेऊ’ म्हणत मुलाला चार जणांनी चारदा विचारलं की जबाब बिघडतो, आणि मूलही.

मे महिन्याच्या आणि दिवाळीच्या सुट्टीत नोंदी कोण बघणार, हे आधी ठरवा. कुणीच बघणार नसेल तर तेवढ्या दिवसांपुरतं ‘ॲक्सेप्टिंग रिस्पॉन्सेस’ बंद करा आणि तिथे दिसणाऱ्या संदेशात १०९८ लिहा.