घरच्या पाकटासाठी फिल्टर घेताना या चुका टाळा

पाकट म्हणजे थाळीसारखा चपटा मासा. त्याच्या अंगाचा काठ वर वळायला लागला, की बहुतेक जण औषधाची बाटली शोधायला धावतात. आधी पाणी तपासा. माझ्याकडे आजारी पाकट घेऊन आलेल्या बऱ्याच जणांच्या टँकमध्ये रोग नव्हताच, अमोनिया होता. आणि तो का, तर फिल्टर घेतानाच हिशोब चुकलेला.

कोकणात आपण पाकट म्हणतो तो समुद्रातला. घरच्या टँकमध्ये येतात ते दक्षिण अमेरिकेच्या नद्यांमधले: मोटोरो, किंवा ब्राझीलच्या शिंगू नदीतला काळ्यावर पांढरे ठिपके असलेला लिओपोल्डी. समुद्रातला पाकट अंगात युरिया धरून ठेवतो. नदीतल्यांची ती सवय पिढ्यान्‌पिढ्या गोड्या पाण्यात राहून सुटली. नायट्रोजनचा बहुतेक कचरा ते अमोनियाच्या रूपात थेट पाण्यात सोडतात, आणि तेच पाणी श्वासातही घेतात.

लिटर बघून फिल्टर घेणे

दुकानात पहिला प्रश्न असतो, ‘टँक किती लिटरचा?’ पाकटासाठी खरा प्रश्न आहे, रोज खातो किती? समजा, तुम्ही दिवसाला ५० ग्रॅम कोळंबी घालता. त्यात साधारण १० ग्रॅम प्रथिने आणि त्या प्रथिनांत १.६ ग्रॅम नायट्रोजन. थोडा अंगी लागतो. अंदाजे १ ग्रॅम पाण्यात उतरतो असे धरू. म्हणजे १००० लिटरच्या टँकमध्ये लिटरमागे रोज १ मिलिग्रॅम, तोही अमोनिया म्हणून. फिल्टरमधल्या जिवाणूंनी हे रोजच्या रोज फस्त केले पाहिजे. त्यातला प्रत्येक ग्रॅम पचवायला त्यांना साडेचार ग्रॅमच्या वर प्राणवायू लागतो.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे: पाकटाला सम्पच हवा, म्हणजे टँकखाली ठेवलेली फिल्टरची वेगळी टाकी. उघडा, हवा खेळणारा, आधी कचरा अडवायला स्पंज किंवा सॉक (कापडी पिशवी), मग जिवाणूंना राहायला के-वन (प्लॅस्टिकची छोटी चाके) किंवा सिरॅमिक रिंग्स भरपूर. कॅनिस्टर, म्हणजे बंद डब्याचा फिल्टर, जोडीला ठेवा, एकट्यावर भिस्त नको.

जिवाणू अमोनियाचे आधी नायट्राइट आणि शेवटी नायट्रेट करतात, आणि ते पाण्यातच साठते. वरच्याच हिशोबाने रोज लिटरमागे सुमारे ४.४ मिलिग्रॅम. आठवड्याला एकदा निम्मे पाणी बदललेत तर पाणी बदलण्याआधी नायट्रेट लिटरमागे ६० मिलिग्रॅमच्या पुढे जाऊन थांबते. दोनदा बदललेत तर तिशीच्या आसपास. कितीही भारी फिल्टर घ्या, पाण्याची बादली सुटत नाही.

खोक्यावरच्या आकड्यावर विसंबणे

खोक्यावर ‘ताशी ३००० लिटर’ लिहिलेले असते ते पाणी जराही वर न चढवता. तुमचा पंप सम्पमधून चार-पाच फूट वर पाणी ढकलतो. खरा आकडा घरीच काढा: परतीचा पाइप २० लिटरच्या बादलीत धरा आणि घड्याळ लावा. ३६ सेकंदांत भरली तर ताशी २००० लिटर. महिन्याने पुन्हा मोजा. आकडा घसरला असेल, तर सॉक तुंबलाय किंवा पाकटाने उडवलेली वाळू इम्पेलरमध्ये, म्हणजे पंपाच्या फिरत्या पात्यांत, गेली आहे.

पाणी नितळ म्हणजे चांगले

अमोनिया डोळ्यांना दिसत नाही. थेंबांचा टेस्ट किट घ्या आणि सोबत पीएच मोजा, कारण अमोनियाचा तोच आकडा वेगवेगळ्या पाण्यात वेगळा मारक ठरतो. २५ अंशांना पीएच ७ असेल तर एकूण अमोनियातला जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. पीएच ८ ला पाच टक्के. देशावर बोअरचे जड पाणी वापरणाऱ्यांनी हे विसरू नये.

मृदू पाणी असेल तर गोष्ट उलटी घडते. जिवाणू काम करताना पाण्यातली, पीएच धरून ठेवणारी क्षारता खातात, नायट्रोजनच्या ग्रॅममागे जवळजवळ ७ ग्रॅम. महिनाभर सगळे ठीक, मग पीएच साडेसहाच्या खाली घसरतो, जिवाणू मंदावतात आणि अमोनिया चढतो. इथे पीएच वाढवायला घाईने खायचा सोडा टाकू नका! साठलेला अमोनिया क्षणात विषारी होईल. आधी थोडेथोडे पाणी बदलून अमोनिया उतरवा, मग जाळीच्या पिशवीत शिंपल्यांचा चुरा भरून सम्पमध्ये ठेवा.

नळ आणि वीज

स्पंज नळाखाली धुतला की क्लोरिनने जिवाणू मरतात. टँकमधून काढलेल्या पाण्यातच तो पिळायचा.

विजेचा धडा मला महागात पडला. एका पावसाळ्यात रात्री वीज गेली, पहाटे आली, कॅनिस्टर आपोआप सुरू झाला. मी उठलो तेव्हा खोलीत सडक्या अंड्यांचा वास होता, पाणी करडे, आणि पिल्लू कोपऱ्यात काचेला चिकटून भराभर श्वास घेत होते. बंद डब्यात रात्रभर प्राणवायूविना कुजलेले सगळे एका झटक्यात टँकमध्ये आले होते. पिल्लू दुपारपर्यंत गेले. तेव्हापासून बॅटरीवर चालणारा एअर पंप कायम जोडलेला असतो, आणि वीज दोन-तीन तासांच्या वर गेली तर कॅनिस्टर उघडून आतले पाणी ओतल्याशिवाय मी बटण दाबत नाही.

हीटर सम्पमध्येच ठेवा; टँकमध्ये पाकट त्यावर पडून भाजतो आणि जागचा हलत नाही. पाणी ओढणाऱ्या तोंडाला रुंद जाळी लावा.

काठ वळलाच तर

खाणे बंद. क्लोरिन काढलेल्या, त्याच तापमानाच्या पाण्याने निम्मे पाणी बदला, हवेचे दगड वाढवा, रोज तपासा. तांबे असलेली औषधे पाकटाला सोसत नाहीत, ती हाताशीही ठेवू नका. एक मात्र खरे, काठ पूर्ण वळल्यावर परत फिरलेले पाकट मी फार थोडे पाहिलेत.

त्यामुळे परीक्षा पिल्लू येण्याआधी घ्या. नवा फिल्टर चार ते सहा आठवडे चालवा. या काळात अमोनियासाठी शुद्ध अमोनियम क्लोराइड वापरा. म्हणजे नवसागरच, पण कल्हईवाल्याकडचा नको, प्रयोगशाळेच्या दर्जाचा. १००० लिटरला ४ ग्रॅम टाकले की वरच्या कोळंबीइतका भार पडतो. चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले, आणि सलग आठवडाभर रोज येत राहिले, तरच पिल्लू आणायला निघा.