शाळेतला भोंडला: या चुका टाळा

खिरापतीचा डबा वाजला नाही तर भोंडला फिसकटतो, हे मला एका शनिवारी सकाळी कळलं. बडोद्यातली प्राथमिक शाळा, दुसरी-तिसरीची साठेक मुलं, मधोमध पाटावर हत्ती आणि माझ्या हातात स्टीलचा डबा. मी तो कानाशी धरून खुळखुळवला. काहीच नाही. जोरात हलवला, तर आत काहीतरी ढप्पकन सरकलं. "सांगा, काय असेल?" सगळी गप्प. आदल्या संध्याकाळी सवड मिळाली नाही म्हणून मी लीलो चेवडो आणला होता, आणि तो इतका ओलसर की डब्यात मुकाट पडून राहतो. त्यात बटाट्याचा. डबा उघडल्यावर चार जैन मुलं हात मागे बांधून उभी राहिली.

एका डब्यात दोन चुका. तेव्हापासून खिरापतीचा विचार मी सगळ्यात आधी करते.

शाळेसाठी खिरापत वाजणारी हवी: चणे, लाह्या, साखरफुटाणे, शंकरपाळे. कांदा-बटाटा नको. शेंगदाणे कुणाला चालत नाहीत, हे वर्गशिक्षिकेला आधी विचारून घ्यावं, आणि नवरात्रात एखादं मूल घरच्यांबरोबर उपास करत असेल तर त्याच्यासाठी राजगिऱ्याचे लाडू वेगळ्या डब्यात ठेवावेत. पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेनू टाकू नये. टाकलात की सकाळी रिक्षातच सगळ्यांना उत्तर माहीत झालेलं असतं. ओळखताना मुलं अडली तर आधी "गोड की तिखट?" मग "चावायचं की चघळायचं?" असं एकेक दार उघडत जायचं. इथली मुलं पहिल्यांदा खमण, मग सेवउसळ, मग फाफडा म्हणणार. सेवउसळ डब्यात खुळखुळत नाही, हे त्यांचं त्यांना कळू द्यावं. हसण्याची खरी जागा तीच.

दुसरी चूक त्याहून मोठी, आणि ती बहुतेक सगळ्या शाळा करतात: भोंडल्याचा "कार्यक्रम" करणं. स्टेज, माइक, मागे हत्तीचा फ्लेक्स, नऊवारीतल्या निवडक बारा मुली आणि समोर खुर्च्यांवर पालक मोबाइल वर धरून. उरलेली शंभर मुलं मांडी घालून टाळ्या वाजवतात. भोंडला बघायचा नसतो, त्यात फिरायचं असतं. स्टेज काढून टाका, पालकांनाही रिंगणात घ्या. नथ-नऊवारी ज्यांना हौस आहे त्यांनी नेसावी, पण सक्ती केली की अर्धी सकाळ पिना शोधण्यात जाते. मुलग्यांना बाजूला बसवायची पद्धत तर बंदच करा. बसवलेले मुलगे पंधराव्या मिनिटाला मारामारी करतात, हा माझा अनुभव आहे.

साठ मुलांचं एकच रिंगण केलं की एका टोकाचा आवाज दुसऱ्या टोकाला पोचत नाही आणि गाणं मध्येच तुटतं. पंधरा-पंधराची चार रिंगणं करा, प्रत्येकात चौथी-पाचवीतली एक खणखणीत आवाजाची मुलगी किंवा मुलगा. स्पीकरवर रेकॉर्ड लावू नका. रेकॉर्ड मुलांसाठी थांबत नाही. एखादं मूल हसून खाली बसलं, दुसऱ्याची चप्पल निसटली की गाणं तिथंच थांबून पुन्हा सुरू झालं पाहिजे. घरच्या भोंडल्यात रोज एक गाणं वाढवायची रीत आहे; शाळेत एका दिवसाला चार-पाच गाणी पुरे. साखळीची गाणी, म्हणजे एकातून दुसरं निघत जाणारी, लहानांना पटकन येतात. सासर-माहेराची गाणी एखादं-दुसरं म्हणावं, पण त्यावर व्याख्यान देऊ नये. एका वर्षी तिसरीतल्या मुलांनी स्वतःच इथल्या सुरसागर तलावाच्या काठावरची कडवी जुळवली. यमक जमलं नव्हतं, आवाज मात्र सगळ्यात मोठा त्याच गाण्याला लागला.

गरब्याशी स्पर्धा लावणं ही खास बडोद्याची चूक. नवरात्रात इथली सहा वर्षांची मुलंसुद्धा रात्री बारापर्यंत मैदानावर असतात. संध्याकाळी भोंडला ठेवला तर कुणी येत नाही, आणि सकाळी पहिल्या तासाला ठेवला तर मुलं उभ्या उभ्या पेंगतात. शनिवारच्या सकाळच्या शाळेत, मधली सुट्टी जोडून घ्यावा. सयाजीरावांनी १९०६ साली अख्ख्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, तेव्हा इथल्या पालकांना "अभ्यास बुडवून हे कशाला?" असं विचारायचा हक्क आहेच. चाळीस मिनिटांत आटपतं, एवढं सांगितलं की ते गप्प होतात.

मुलांची पावलं गरब्याचीच पडतात. पडू द्या. गुजरातचा गरबा २०२३ च्या डिसेंबरात युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेला. तिकडे मधोमध गरबो, म्हणजे आत दिवा ठेवलेला मातीचा घट, इकडे पाटावरचा हत्ती, पण गोल तोच. "आपली मराठी संस्कृती" असे फलक लावून मीही एके वर्षी माहिती वाचून दाखवली होती. कुणी ऐकली नाही. मग एका गुजराती मुलाचे दादाजी म्हणाले, "अरे, आ तो हाथियो!" सूर्य साधारण २७ सप्टेंबरला हस्त नक्षत्रात जातो, त्या गडगडाटी पावसाला गुजराती शेतकरी हाथियोच म्हणतो. पाटावर हत्ती का, याचं उत्तर मुलांना त्या एका वाक्यात मिळालं. नवरात्र दर वर्षी मागेपुढे होतं, हस्ताची तारीख मात्र तिथेच राहते, त्यामुळे हस्ताचा हादगा आणि नवरात्रातला भोंडला एकाच वेळी येतीलच असं नाही.

हस्ताचा पाऊस खरंच येतो. मैदानावर रांगोळीचा हत्ती काढला तर पाच मिनिटांत त्याचं पाणी होतं. पाटावर काढा, खडू पाण्यात बुडवून. वाळल्यावर रेघ दाट पांढरी दिसते. सर आली की पाट उचलून व्हरांड्यात न्यायचा, मुलं मागोमाग येतात.

दसऱ्याच्या पाटीपूजनात गडबड वेगळीच होते. एकाच्या आकड्यांची सरस्वती काढायला सांगितली की इंग्रजी माध्यमातली मुलं इंग्रजी एक काढतात, आणि सरस्वतीच्या जागी कुंपण उभं राहतं. फळ्यावर आधी गाठीचा १ गिरवून घ्या. गुजराती एक जवळजवळ तसाच असल्यामुळे सगळ्या वर्गाला जमतो. सोनं म्हणून पोतंभर पानं तोडून आणू नका. बाजारात आपट्याच्या नावाखाली कांचनाची मोठी पानंच बरेचदा येतात. प्रत्येकी एक पान, नाहीतर कागदाचं.

किल्ल्याचं काम दिवाळीच्या २१ दिवसांच्या सुट्टीआधी उरकावं लागतं, तिथे घाई नडते. विटांचा गाभा, वर ओलं गोणपाट, त्यावर माती. आपली काळी माती वाळली की भेगाळते, तेव्हा थोडी रेती मिसळा. अळीव आदल्या दिवशी पेरला तर किल्ला बोडकाच राहतो, चार-पाच दिवस आधी पेरा. दर वर्षी रायगडच पाहिजे असंही नाही. जवळपास ५० किलोमीटरवर पावागड आहे, निम्म्या मुलांनी तो पायऱ्या मोजत चढलेला असतो. मागच्या वर्षी त्यांनी तोच केला, आणि रोपवेसाठी माझ्या शिवणाच्या डब्यातला दोरा नेला तो अजून परत आलेला नाही.