गोव्याच्या शेवटच्या पोर्तुगीज जनरलचं चरित्र लिहायचंय? मग असं लिहा

डिसेंबर जवळ आला की आपल्याकडे शाळा-कॉलेजांत मुक्तिदिनाचे प्रोजेक्ट आणि भाषणं सुरू होतात, आणि शेवटचा गव्हर्नर-जनरल मान्युएल आंतोनियो वासालो इ सिल्वा हा विषय ज्याच्या वाट्याला येतो तो बहुतेक एकच पान लिहितो, १९ डिसेंबर १९६१, शरणागतीची सही, झालं. अरे पण हा माणूस ८५ वर्षं जगला! त्यातली गोव्यातली फक्त तीनेक. बाकीचं आयुष्य बघितल्याशिवाय त्या सहीचा अर्थच लागत नाही, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

सुरुवात तारखांपासून करा. एक कोरा कागद घ्या, आडवी रेघ मारा, डाव्या टोकाला ८ नोव्हेंबर १८९९, तोर्रेस नोव्हास, पोर्तुगाल. उजव्या टोकाला ११ ऑगस्ट १९८५. मधे १९५८ (गोव्यात नेमणूक), १९६१, १९६२ (सुटका), १९६३ (सैन्यातून बडतर्फ), १९७४ (सन्मान परत). एवढं झालं की अर्ध्या चुका आपोआप टळतात. त्याला व्हाइसरॉय लिहू नका, तो गव्हर्नर-जनरल होता. आणि हुद्दा ज्या तारखेचा त्या तारखेलाच लावा, लष्करी माणसाला जन्मभर एकच हुद्दा चिकटवून लिहिलेली चरित्रं वाचवत नाहीत.

मग तो कुठल्या शाखेतला होता ते लिहा, कारण हे बरेच जण गाळतात. तो इंजिनियर शाखेतला अधिकारी, म्हंजे रस्ते, पूल, बांधकाम हे त्याचं शिक्षण. आता ह्याच्या शेजारी १८ डिसेंबर ठेवा, भारतीय फौज आत आली तेव्हा तिला अडवायला पोर्तुगीजांनी बोरी, बाणस्तारी असे पूल उडवले. पूल बांधायचं शिकलेल्या माणसाच्या हुकमतीखाली पूल उडाले, ही गोष्ट एका वाक्यात आली तरी वाचणारा थांबतो.

गोव्यात येताना त्याला काय मिळालं हेही सांगायला हवं. आधीचा गव्हर्नर-जनरल पाउलो बेनार्द गेदिश, त्याच्याच काळात १९५४ मधे दादरा-नगर हवेली गेली आणि १५ ऑगस्ट १९५५ ला सत्याग्रहींवर गोळ्या चालल्या. म्हणजे खुर्ची आधीच तापलेली. १९६० च्या एप्रिलमधे हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा निकाल आला, पोर्तुगालला दादरा-नगर हवेलीत नागरी ये-जा करायचा हक्क होता असं मानलं, पण सैन्य आणि हत्यारं न्यायचा नाही. नोव्हेंबर १९६१ मधे पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या अंजदीव बेटावरून भारतीय बोटीवर गोळीबार झाला आणि तिथून सगळं वेगाने घडत गेलं.

ह्यानंतरचा भाग सगळ्यात जीव ओतून लिहा, तो म्हणजे १४ डिसेंबरचा लिस्बनहून आलेला पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याचा संदेश. त्यात तडजोड नाही, शरणागती नाही, निदान आठ दिवस टिकून राहा, सैनिक आणि खलाशी एक तर जिंकलेले किंवा मेलेले पाहिजेत, अशा अर्थाचा हुकूम होता. आठ दिवस कशाला, तर तेवढ्यात जगातून दबाव आणता येईल म्हणून, पण १८ तारखेला सुरक्षा परिषदेत युद्धबंदीच्या ठरावाला सोव्हिएत रशियाने व्हेटो केला आणि तो हिशोबच संपला. इकडे गोव्यात त्याच्याकडे काय होतं? साडेतीन हजारांच्या आसपास सैनिक, एकही लढाऊ विमान नाही, रणगाडे नाहीत, आणि समुद्रात आफोन्सु द आल्बुकेर्क नावाची १९३० च्या दशकातली एक जुनी युद्धनौका, जी त्याच दिवशी मार खाऊन किनाऱ्याला लागली. ही यादी हुकमाच्या लगेच खाली लिहा. मग १९ तारखेच्या रात्री वास्कोला, गाडीच्या हेडलाइटच्या उजेडात त्याने सही का केली हे तुम्हाला वेगळं समजावत बसावं लागत नाही.

इथे एक सावधगिरी. "त्याने गोवा वाचवला" असं सरळ ठोकून देऊ नका. पणजीच्या इमारती उडवायचा हुकूम त्याने मोडला, अशा गोष्टी गावोगावी सांगितल्या जातात आणि त्या सांगायला मलाही आवडतं, पण प्रोजेक्टमधे लिहिताना "असं सांगतात" एवढं जोडाच. हजारो माणसांना मरायला लावलं नाही हे पक्कं आहे आणि ते मोठंच आहे.

सहीनंतर प्रोजेक्ट बंद करायचा नाही! तो स्वतः आणि त्याचे सैनिक मे १९६२ पर्यंत भारताच्या कैदेत होते, सुटले तेव्हा सैनिकांना विमानाने कराचीला आणि तिथून बोटीने लिस्बनला नेलं, आणि तिथे स्वागत सोडा, मिलिटरी पोलिसांचा पहारा. मार्च १९६३ मधे त्याला आणि इतर काही अधिकाऱ्यांना सैन्यातून काढून टाकलं. पोर्तुगालमधे २५ एप्रिल १९७४ ची क्रांती झाली, ती राजवट पडली, तेव्हा कुठे त्याचा हुद्दा परत मिळाला, आणि त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला पोर्तुगालने गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं. नंतर तो गोव्यात परत येऊन गेला आणि लोकांनी त्याचं आपुलकीने स्वागत केलं, हे तर नक्की लिहा.

घरचा भाग पण घ्या. त्याची सख्खी मोठी बहीण मारिया लामास, लेखिका, पत्रकार, बायकांच्या हक्कांसाठी लढणारी. सालाझारच्या राजकीय पोलिसांनी तिला अनेकदा तुरुंगात टाकलं आणि १९६२ ते १९६९ ती पॅरिसला परागंदा होती. भाऊ त्याच राजवटीचा गोव्यातला सर्वोच्च अधिकारी! मला विचाराल तर ह्या एका घरावर वेगळं प्रकरण होईल.

माहिती कुठे शोधायची? पणजीत पात्तोला कृष्णदास शामा सेंट्रल लायब्ररीत आणि पुराभिलेख खात्यात विचारा, पर्वरीला झेवियर सेंटर ही इतिहास संशोधनाची संस्था आहे. सरकारी नेमणुका, हुकूम पोर्तुगीज काळातल्या बोलेतिं ओफिसियाल ह्या राजपत्रात छापून यायचे, पोर्तुगीज येत नसलं तरी तारखा आणि नावं वाचता येतात, घरातल्या एखाद्या वयस्कर माणसाला सोबत न्या. आणि पोर्तुगीज सूचीत आडनाव शेवटच्या शब्दावरून लावतात म्हणून "वासालो" खाली सापडला नाही तर "सिल्वा" खाली बघा. जुन्या गोव्याच्या म्युझियममधे व्हाइसरॉय-गव्हर्नरांच्या तसबिरी आहेत, ही खुर्ची किती शतकं चालत आली ते तिथे उभं राहिलं की कळतं.

शेवटचं, आणि हे कृपा करून गाळू नका. त्याच्या तारखांच्या कागदावर खाली दुसरी रेघ मारा, गोव्याच्या मुक्तीसाठी लढलेल्या मोहन रानड्यांची. सांगलीचा हा माणूस सावई-वेऱ्याला मास्तर म्हणून आला, १९५५ मधे पकडला गेला, पुढे पोर्तुगालला नेला. जनरल खुर्चीवर बसला तेव्हा रानडे कैदेत, जनरल सुटून घरी गेला तेव्हा रानडे कैदेत, जनरल बडतर्फ झाला तेव्हाही लिस्बनजवळच्या काशियास किल्ल्यात कैदेतच. गोवा मुक्त होऊन सात वर्षं उलटल्यावर, जानेवारी १९६९ मधे ते सुटले. दोन्ही रेघांना वर्षं एकाखाली एक येतील अशी मापं घ्या, आणि रानड्यांच्या रेघेवरची १९५५ ते १९६९ ही पट्टी जाड पेनने भरा.