खोडव्यात काडी लावायच्या आधी

आमचं अडीच एकर रान वाळव्याकडचं, काळं, कृष्णेच्या पाण्यावरचं. ऊसतोड टोळी गेली की मामंजी सांजच्याला पाचटाला, म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्याला, काडी लावायचे. सकाळी रान साफ! युरियाची पोती दरसाल वाढली, टनेज मात्र घसरत गेलं. माती तपासली, तर सेंद्रिय कर्ब ०.३४ टक्के, म्हणजे कमीच.

एकरी तीन-चार टन पाचट निघतं. जाळलं की राखेत पालाश (पोटॅश) उरतं. नत्र (नायट्रोजन) आणि कर्ब धुरात जातात.

पहिल्या वर्षी मी पाचट नुसतं पसरून पाणी सोडलं. महिनाभरात खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसातून पुन्हा फुटलेलं पीक, पिवळा. बांधावरून भाऊजी म्हणाले, "वहिनी, उसाला हळद लागली का काय?" पाचट कुजवणारे जिवाणू आधी आपलं पोट भरतात, जमिनीतलं नत्र तेच ओढतात. त्यांचा वाटा वेगळा द्यायचा असतो, हे मला तेव्हा कुठं ठाऊक!

आता पाचट सरीत ओढते, बुडखे (तोडलेल्या उसाचे बुंधे) उघडे ठेवते. मग धारदार कोयत्यानं बुडखे जमिनीलगत छाटायचे. इथं आळस नको. बोटभर जरी वर राहिलं तरी वरच्या डोळ्यांतून फुटवे येतात आणि ते लेचेपेचे निघतात. पाचटावर एकरी ३२ किलो युरिया, ४० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि शेणखतात मिसळून ४ किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धक टाकायचं. लगेच पाणी. पहिलं पाणी पाचटातून फार हळू सरकतं, वैतागू नका. पुढं ओल टिकते आणि पाळ्या लांबवता येतात.

वापसा आला, म्हणजे ओल आहे पण चिखल नाही अशी माती झाली, की खत पहारीनं. बुडख्यापासून चार ते सहा इंच अंतरावर, सहा ते आठ इंच खोल भोक, दोन भोकांत फूटभर अंतर. खत टाकून भोक मातीनं बुजवायचं. पहिला हप्ता तोडणीनंतर पंधरा दिवसांत सरीच्या एका बाजूला, दुसरा साडेचार महिन्यांनी दुसऱ्या बाजूला. मात्रा माती परीक्षणाच्या अहवालावरून ठरवा, दुकानदाराच्या तोंडून नव्हे.

भाऊजी अजून काडी लावतात. म्हणून बांधालगतच्या दोन सऱ्यांतलं पाचट मी आत ओढून घेते, आणि त्या सांजेला मोटर चालू ठेवते.