जुन्या घरातली अनोळखी केबल ओळखताना आणि जोडताना

पुण्याच्या पेठांमधील जुन्या वाड्यांत दुरुस्तीच्या वेळी भिंतीतून कापडी वेष्टनाची, आत काळे रबर आणि चंदेरी तार असलेली केबल निघते, आणि ती ॲल्युमिनियमची समजून जोडली जाते. रबरातल्या गंधकाने तांबे खराब होऊ नये म्हणून त्यावर कथिलाचा मुलामा देत असत, म्हणून तांब्याची तारही चंदेरी दिसते. त्यामुळे पुरवठा बंद करून, मल्टिमीटरने खात्री केल्यावरच (नुसत्या टेस्टरवर विसंबणे धोक्याचे आहे) तारेचे टोक ब्लेडने हलके खरवडावे. आत लालसर दिसले तर तांबे, चंदेरीच राहिले तर ॲल्युमिनियम. ॲल्युमिनियमची तार तांब्याच्या पट्टीला थेट कसू नये, कारण ओल लागताच सांधा गंजून तापतो. तिथे बायमेटल लग (एका बाजूला ॲल्युमिनियम, दुसऱ्या बाजूला तांबे असलेला जोडतुकडा) योग्य मापाच्या क्रिम्पिंग टूलने (दाबून घट्ट बसवायच्या हत्याराने) दाबून बसवावा. केबलला पोलादी आर्मर (संरक्षक तारांचे वेष्टन) असल्यास तो ग्लँडमध्ये (केबल पेटीत शिरते तिथल्या धातूच्या पकडीत) पकडून अर्थिंगला जोडावा. रबर वाकवताच तडकत असेल, तर ती केबल जोडूच नये, पूर्ण बदलावी. मीटरपर्यंतची केबल महावितरणच्या अखत्यारीत येते, तिला हात लावू नये. पुढचे कामही परवानाधारक वीज कंत्राटदाराकडूनच करून घ्यावे.